तारेचं विद्युतक्षेत्र कोनाने मोजायचं

माझ्या दादरच्या शिकवणीला मुलुंडहून बारावीची एक मुलगी येते. एके दिवशी चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "सर, आत्ता प्लॅटफॉर्मवर उभी होते. डोक्यावरची तार सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. तिचं फील्ड काढायचं तर तार केवढी धरायची? आणि तिच्यावर चार्ज किती धरायचा?"

बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण या दोन्ही प्रश्नांना आकड्यात उत्तर आहे. तार केवढी धरायची याचं उत्तर या लेखाच्या मध्यावर येईल, चार्ज किती याचं अगदी शेवटी.

प्रभारित, म्हणजे चार्ज असलेल्या, तारेचं विद्युतक्षेत्र (तिच्याजवळ ठेवलेल्या एक कूलोम चार्जवर लागणारा जोर, म्हणजेच त्या मुलीचं फील्ड) म्हटलं की पोरं दोन-तीन सूत्रं पाठ करतात: एक अनंत तारेचं, एक मध्यबिंदूसमोरचं, एक टोकासमोरचं. परीक्षेत नेमकं चुकीचं सूत्र आठवतं. मी स्वतः कॉलेजात असताना हातभर लांब सळईला अनंत तारेचं सूत्र लावून आलो होतो आणि वर छान चौकट काढून उत्तर अधोरेखित केलं होतं. तेव्हापासून मी एकच रीत वापरतो. ती सरळ तारेच्या जवळजवळ प्रत्येक गणिताला चालते, आणि तिच्यात तारेच्या लांबीपेक्षा तार आपल्याला किती कोनात दिसते याला महत्त्व आहे.

आधी सामान गोळा करू

तीन राशी लागतात. पहिली रेषीय प्रभार घनता, म्हणजे तारेच्या एक मीटर लांबीवर किती चार्ज आहे ते. तिला लॅम्डा म्हणतात आणि एकक कूलोम प्रति मीटर. दुसरी राशी बिंदूपासून तारेपर्यंतचं लंब अंतर. तार लंबाच्या पायथ्यापर्यंत पोचत नसेल तर कागदावर ती तुटक रेषेने वाढवायची आणि लंब त्या वाढीव रेषेवर टाकायचा. तिसरी राशी कूलोमच्या नियमातला स्थिरांक के, सुमारे ९ अब्ज, एसआय एककांत.

आकडेमोड सोपी करायची एक युक्ती सांगतो. चार्ज नॅनोकूलोममध्ये ठेवा. नॅनो म्हणजे एक अब्जांश. के मधले अब्ज आणि चार्जमधला नॅनो एकमेकांना खाऊन टाकतात आणि के ची किंमत सरळ ९ उरते. दहाच्या घातांची कटकटच संपते. अंतर मात्र मीटरमध्येच ठेवायचं. इथे सेंटिमीटर घालणारे दरवर्षी निघतात.

उदाहरणासाठी मी लोहार चाळीतून आणलेला वायरिंगचा पीव्हीसी पाइप वापरतो. त्याचा ६० सेंटिमीटरचा तुकडा लोकरीने घासायचा. जुलैत हा प्रयोग करू नका. मुंबईच्या दमट हवेत चार्ज टिकत नाही, पाइप घासून घासून हात दुखतात आणि कागदाचे कपटे ढिम्म हलत नाहीत. जानेवारीतली कोरडी सकाळ बरी.

समजा पाइपवर १२ नॅनोकूलोम चार्ज सारखा पसरला आहे. मग लॅम्डा = १२ ÷ ०.६ = २० नॅनोकूलोम प्रति मीटर. "सारखा पसरला" हे आपण गृहीत धरलंय, हे विसरायचं नाही. घासलेल्या पाइपवर चार्ज जिथे जास्त घासलं तिथे जास्त असतो. धातूच्या आखूड सळईवर तो टोकांकडे जास्त जमतो. लांबच लांब तारेच्या मधल्या भागात मात्र हे गृहीतक झकास चालतं.

एका अंशाची गंमत

आता प्लॅटफॉर्मवर उभे आहात असं समजा. तार डोळ्यांपासून ४ मीटर लंब अंतरावर आहे. तारेच्या सगळ्यात जवळच्या बिंदूकडे बघा आणि नजर तारेवरून एक अंश पुढे सरकवा. नजरच सरकवा, छत्री वर करून दाखवू नका, त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. या एका अंशात तारेचा सुमारे ७ सेंटिमीटरचा तुकडा येतो.

नजर तशीच पुढे नेत लंबापासून ६० अंशांवर या. तिथे तार आपल्यापासून दुप्पट, म्हणजे ८ मीटर लांब आहे. तिथेही नजर एकच अंश सरकवली तर किती तार येते? अंतर दुप्पट म्हणून तुकडा दुप्पट, आणि तार आपल्याला तिरकी दिसते म्हणून पुन्हा दुप्पट. एकूण चौपट, सुमारे २८ सेंटिमीटर. म्हणजे चार्जही चौपट. पण कूलोमचा नियम सांगतो की दुप्पट अंतरावर प्रत्येक कणाचा जोर एक चतुर्थांश होतो. चौपट चार्ज, पाव जोर. हिशेब फिटला.

हे फक्त ६० अंशांपुरतं नाही. कुठल्याही कोनात तुकडा अंतराच्या वर्गाने वाढतो आणि जोर अंतराच्या वर्गाने घटतो. त्यामुळे तारेचा प्रत्येक अंश, जवळचा असो की दूरचा, तितक्याच ताकदीचं क्षेत्र पाठवतो. फरक पडतो तो फक्त दिशेत.

याचाच अर्थ असा की सरळ तार पुसून टाकून तिच्या जागी, आपण उभे आहोत त्या बिंदूभोवती, लंब अंतराएवढ्या त्रिज्येचा कंस काढला, त्यावर तीच लॅम्डा ठेवली आणि तो तारेइतकाच कोन व्यापू दिला, तर क्षेत्रात काडीचाही फरक पडत नाही. कंसाचं गणित सरळ तारेपेक्षा फार सोपं. दोन्ही बाजूंचे आडवे भाग एकमेकांना मारतात आणि उरतं ते कोन दुभागणाऱ्या रेषेवर. इंटिग्रेशन करायचंच तर फक्त कोसाइनचं, आणि त्याचं उत्तर साइन हे सगळ्यांना येतं. पुस्तकात अंतराच्या जागी टॅन थीटा घालून पानभर चालणारं इंटिग्रेशन हेच करतं, फक्त का करतं ते सांगत नाही.

रीत

कागदावर बिंदू आणि तार काढा. बिंदूपासून तारेच्या दोन्ही टोकांना रेषा जोडा. त्या दोन रेषांमधला कोन म्हणजे आल्फा. मग

क्षेत्र = (२ × के × लॅम्डा ÷ लंब अंतर) × साइन(आल्फा ÷ २)

आणि दिशा आल्फा दुभागणाऱ्या रेषेची. चार्ज धन असेल तर तारेपासून दूर, ऋण असेल तर तारेकडे. चिन्ह सूत्रात घुसवू नका. सूत्रातून परिमाण काढा, दिशा चित्रावर बाणाने दाखवा. ऋण चिन्ह आणि उलटी दिशा दोन्ही लिहून, म्हणजे दोनदा उलटं करून, उत्तर सुलटं करणारी मुलं मी खूप पाहिलीत.

आता पाइप. त्याच्या मध्यबिंदूसमोर ४० सेंटिमीटरवर उभे राहू. अर्धा पाइप ३०, लंब ४०, टोकापर्यंतचं अंतर ५०. तीन-चार-पाचचा त्रिकोण मुद्दाम घेतलाय. अर्ध्या कोनाचा साइन ३० ÷ ५० = ०.६.

क्षेत्र = (२ × ९ × २० ÷ ०.४) × ०.६ = ९०० × ०.६ = ५४० न्यूटन प्रति कूलोम

उत्तर बरोबर आहे की नाही, हे विश्वासावर सोडू नका. दोन ठोकताळे आहेत. सगळा चार्ज मध्यबिंदूवर एकवटला असं मानलं तर क्षेत्र ९ × १२ ÷ ०.१६ = ६७५ येतं. तार अनंत मानली तर ९००. मध्यबिंदूसमोरचं खरं उत्तर नेहमी या दोन्हींपेक्षा कमी यायला हवं. तुमचं उत्तर ७०० आलं असेल तर कुठेतरी घोटाळा झालाय, पुढे जाऊ नका.

सूत्रावरच विश्वास नसेल तर पाइपचे दहा-दहा सेंटिमीटरचे सहा तुकडे पाडा. प्रत्येकावर २ नॅनोकूलोम, आणि तो तुकड्याच्या मध्यावर आहे असं धरा. तुकडे मध्यापासून ५, १५ आणि २५ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना. प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्राचा लंब दिशेतला भाग म्हणजे के × चार्ज × लंब अंतर, भागिले तिरप्या अंतराचा घन. ते येतात सुमारे १०९.९, ९२.३ आणि ६८.६. बेरीज २७०.८, दुप्पट केली की ५४१.६ च्या आसपास. सहाच तुकड्यांत उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत आलं. वेडीवाकडी तार असेल, किंवा चार्ज सारखा पसरलेला नसेल, तर कोनाची युक्ती चालत नाही आणि हीच तुकड्यांची पद्धत कामाला येते. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

टोकासमोर

आता पाइपच्या एका टोकासमोर ४० सेंटिमीटरवर या. एक रेषा जवळच्या टोकाकडे, लंबच. दुसरी दूरच्या टोकाकडे. टॅन आल्फा = ६० ÷ ४०, म्हणून आल्फा सुमारे ५६.३ अंश, अर्धा २८.१५ अंश.

क्षेत्र = ९०० × साइन २८.१५ = सुमारे ४२५ न्यूटन प्रति कूलोम

चार्ज धन धरला तर दिशा लंबापासून २८ अंशांनी, पाइपच्या बाहेरच्या बाजूला झुकलेली; ऋण धरला तर बरोबर उलटी. पुस्तकातल्या पद्धतीने लंब भाग ३७४ आणि समांतर भाग २०० वेगवेगळे काढून, वर्ग करून, बेरजेचं वर्गमूळ घेऊन इथेच पोचता येतं. गुण पायऱ्यांना असतील तर तसं लिहा, पण पडताळा कोनाने करा.

रीत जिथे कोलमडते ती जागा एकच: बिंदू पाइपच्याच रेषेत, टोकाच्या पुढे. तिथे लंब अंतर शून्य, कोनही शून्य, आणि शून्याला शून्याने भागायची वेळ येते. तिथे वेगळं सूत्र, तेही देखणं आहे: के × एकूण चार्ज, भागिले जवळच्या आणि दूरच्या टोकांच्या अंतरांचा गुणाकार. टोकापासून ४० सेंटिमीटरवर ९ × १२ ÷ (०.४ × १.०) = २७०.

तार केवढी धरायची

तार दोन्ही बाजूंना न संपणारी असेल तर कोन १८० अंश, अर्धा ९०, साइन १. सूत्र उरतं २ × के × लॅम्डा ÷ अंतर. नॅनोकूलोमच्या हिशेबात १८ × लॅम्डा ÷ अंतर. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं, बिंदूप्रभारासारखं पाव नाही.

गाउसच्या नियमानेही हेच येतं. तारेभोवती डब्यासारखा पोकळ दंडगोल कल्पा. त्याच्या वक्र पृष्ठाचं क्षेत्रफळ गुणिले विद्युतक्षेत्र बरोबर आतला चार्ज भागिले एप्सिलॉन शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक). झाकण आणि तळातून काहीच बाहेर पडत नाही. तीन ओळींत काम होतं. पण हे फक्त न संपणाऱ्या तारेला. साठ सेंटिमीटरच्या पाइपलाही गाउसचा नियम लागू असतोच, त्यातून उत्तर मात्र निघत नाही, कारण क्षेत्र दंडगोलावर सगळीकडे सारखं नसतं. "सर, गाउस चुकतो का?" असं कोणी विचारलं की मला बरं वाटतं. गाउस चुकत नाही, आपण सममिती नसताना ती असल्यासारखं वागतो.

आता मुलुंडच्या मुलीचा प्रश्न. जवळच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना ३०-३० अंश घेतले तर साइन ३० म्हणजे अर्धं. म्हणजे अनंत तारेचं निम्मं क्षेत्र एवढ्याशा भागातून येतं. तार ४ मीटरवर असेल तर तो भाग फक्त ४.६ मीटर लांब आहे. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा. त्या लांबीएवढी तार घेतली की सूत्रातून सुमारे ०.९३ येतं, म्हणजे ९३ टक्के. दोन डब्यांएवढी घेतली तर ९८ टक्के. सायन, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण आणि पुढचं कसारा-खोपोली मिळून उरलेल्या दोन टक्क्यांत. तार लंब अंतराच्या दहापट असेल आणि तुम्ही मध्याजवळ असाल तर बिनधास्त अनंत धरा, चूक दोन टक्क्यांपर्यंतच राहते. पाचपट असेल तर चूक सात टक्के.

तारा वाकल्या, तारा वाढल्या

कंसाची युक्ती हातात आली की प्रवेश परीक्षांतले भीतीदायक प्रश्न तोंडी सुटतात. एक नेहमीचा: केसांच्या पिनेसारखी वाकवलेली तार, मध्ये अर्धवर्तुळ आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून समांतर जाणारे दोन अनंत पाय. वर्तुळाच्या केंद्रापाशी क्षेत्र किती? प्रत्येक पाय केंद्रातून ९० अंशांत दिसतो आणि त्याचं लंब अंतर त्रिज्येएवढंच. म्हणजे दोन पाय मिळून उरलेलं अर्धवर्तुळ पुरं करतात. पूर्ण वर्तुळाच्या केंद्राशी क्षेत्र शून्य. उत्तर शून्य, पेन न उचलता.

चौकोनी चौकटीच्या दोन लगतच्या बाजू, केंद्राशी? प्रत्येक बाजू ९० अंशांत दिसते, दोन्ही मिळून १८०. म्हणजे त्या दोन बाजू केंद्रापाशी त्याच लंब अंतरावरच्या अनंत तारेइतकं क्षेत्र देतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि माझं स्टेशन गेलं.

तारा एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीचं क्षेत्र वेगळं काढा आणि सदिश, म्हणजे दिशा धरून, बेरीज करा. २० नॅनोकूलोम प्रति मीटरच्या दोन लांब समांतर तारा, एक मीटरवर. मधोमध प्रत्येकीचं क्षेत्र १८ × २० ÷ ०.५ = ७२०. दोन्ही धन असतील तर बेरीज शून्य. एक धन, एक ऋण असेल तर १,४४०. पोरं नेमकं उलटं लिहितात, कारण विरुद्ध चार्ज म्हटलं की वजाबाकीच करायची असं डोक्यात बसलेलं असतं. बाण काढा: धन तार ढकलते, ऋण तार ओढते, दोघींची दिशा एकच.

आणि चार्ज किती

मुंबईत पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली, तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट डीसी होतं. २०१६ पर्यंत मुंबईच्या लोकलमार्गांचं टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीमध्ये रूपांतर झालं. एसी म्हणजे चार्ज सेकंदाला शंभर वेळा चिन्ह बदलतो. पण ५० हर्ट्झची तरंगलांबी ६,००० किलोमीटर. दहा-वीस मीटरच्या आपल्या चित्रासाठी प्रत्येक क्षणी स्थिर विद्युतशास्त्र पुरेसं आहे.

आपल्याला चार्ज माहीत नाही, व्होल्टेज माहीत आहे. तार जमिनीपासून ५.५ मीटरवर, तिची त्रिज्या सुमारे ६ मिलिमीटर, असं धरू. जमीन वाहक आहे. वाहक पृष्ठभाग असेल तर त्याच्याखाली तितक्याच खोलीवर उलट्या चार्जची एक आभासी तार आहे असं मानायचं, आरशातल्या प्रतिमेसारखी. जमिनीवरचं विभव, म्हणजे व्होल्टेज, शून्य ठेवायला ती लागते. मग

लॅम्डा = व्होल्टेज ÷ (१८ × लॉग(२ × उंची ÷ त्रिज्या))

लॉग नैसर्गिक, उत्तर नॅनोकूलोममध्ये. २ × ५.५ ÷ ०.००६ म्हणजे सुमारे १,८३३, त्याचा लॉग ७.५१. लॅम्डा = २५,००० ÷ (१८ × ७.५१) = सुमारे १८५ नॅनोकूलोम प्रति मीटर. एसीचा आहे म्हणून हा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आकडा.

जमिनीवर, तारेच्या बरोबर खाली: खरी तार आणि आभासी तार दोन्ही ५.५ मीटरवर, विरुद्ध चार्जच्या, म्हणून बेरीज. २ × १८ × १८५ ÷ ५.५ = सुमारे १,२०० व्होल्ट प्रति मीटर. न्यूटन प्रति कूलोम आणि व्होल्ट प्रति मीटर एकच. तारेच्या पृष्ठभागावर मात्र १८ × १८५ ÷ ०.००६, म्हणजे सुमारे साडेपाच लाख व्होल्ट प्रति मीटर, शिखराला पावणेआठ लाखांच्या वर. हवा फुटायला साधारण ३० लाख लागतात. म्हणून गुळगुळीत तार एरवी शांत असते. टोकदार काही जवळ आलं किंवा पाण्याचा थेंब लोंबकळला की त्या जागी क्षेत्र एकदम वाढतं. टपावर चढणाऱ्याला तारेला हात लावायचीही गरज पडत नाही ती याच कारणाने.

हा हिशेब एकट्या तारेचा. प्रत्यक्षात वर आणखी एक धरणारी तार असते, शेजारच्या रुळांच्या तारा असतात, लोखंडी खांब आणि पत्र्याचं छप्पर असतं, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. वहीत मात्र त्या मुलीने लिहून घेतलं: एका डब्याएवढी, २० मीटर तार, १८५ नॅनोकूलोम प्रति मीटर, एकूण ३.७ मायक्रोकूलोम. मग पाइपकडे बघून म्हणाली, "म्हणजे आपले असे तीनशे पाइप, सर." मी भागाकार करून पाहिला. ३०८.